माफी कुणाला करतात?



माफी कुणाला करतात? ज्याने गुन्हा केला त्याला. मग कापूस पिकवून तोट्यात विकणाऱ्याने कुणाच्या घरी दरोडा घातला, म्हणून सरकारने त्याला माफी द्यावी? हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. अक्कल कमी म्हणून पडत नाही, असे नव्हे. 'कर्जमाफी' हा शब्द तोंडात आला की गुन्हेगार कोण हे आधीच ठरून जाते. मग विचारायला एकच प्रश्न उरतो : माफी मिळणार की नाही?

आमचे म्हणणे एवढेच आहे. माणूस विचार करतो तो शब्दांनी. तिफणीच्या चाड्यात जे बी सोडाल तेच तासात पडते. ज्वारी सोडली तर तूर उगवत नाही. दुसऱ्याने घडवलेले शब्द डोक्यात पेरले की विचारही त्याच्याच सोयीचा उगवतो.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी कर्जाची खते हिसकावली आणि जाळली. त्यांच्यातल्या बहुतेकांना खतावरचे अक्षर वाचता येत नव्हते. पण या कागदाने आपल्याला बांधले आहे, हे त्यांना कळत होते. आज आपली पोरे शिकली, कागद वाचता येतो. आता बांधणारा शब्द कागदावर नाही, आपल्याच जिभेवर आहे.

कारखानदाराचे कर्ज थकले की त्याची 'पुनर्रचना' होते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली बँका जी रक्कम सोडून देतात, तिला बँकवाले 'हेअरकट' म्हणतात. केस कापले, पुन्हा वाढतील! तिथे माफी नाही, शरम नाही. आपण मात्र मार्चअखेर सोसायटीत 'नवं-जुनं' करतो, आणि तेवढे जमले नाही की 'थकबाकीदार' म्हणून खाली मान घालतो.

दुसरा शब्द घ्या : 'अल्पभूधारक'. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी पाच एकरांपर्यंत होती. त्यावरच्यांनी आपला वाटा एकरकमी भरला तरच काही सवलत. पाच एकर पाटाच्या पाण्याखालचा ऊस तो लहान शेतकरी, आणि सात एकर बरड रानात पऱ्हाटी लावणारा तो मोठा! त्या शब्दाला जमीन कळते, पाणी कळत नाही. शब्दात जे मावत नाही ते योजनेतही मावत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी असाच एका शब्दाने बाहेर राहिला.

तिसरा शब्द सगळ्यांत महागात पडलेला : 'खर्च'. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर ५० टक्के धरून भाव द्या म्हटले. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट जाहीर केले. त्या खरिपाला संकरित ज्वारीचा खर्च क्विंटलला १,६१९ रुपये धरला आणि हमीभाव २,४३० दिला. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ३,४३३ धरला, भाव ५,१५०. गुणाकार बरोबर आहे. मेख आहे ती 'खर्च' या शब्दात. सरकारी हिशेबात खर्च तीन प्रकारचे. 'ए-टू' म्हणजे रोखीने आणि वस्तूने भागवलेला खर्च. दुसऱ्यात त्यावर घरच्या माणसांची मजुरी मिळवतात. 'सी-टू'मध्ये त्याच्याही वर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरतात. दीडपट केली ती दुसऱ्या खर्चाची. शब्द एकच, सभेत टाळ्या वाजवणाऱ्याचा अर्थ एक, आणि फाईल लिहिणाऱ्याचा अर्थ दुसरा.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होणार नाही. आपल्या बोलीतही एक शब्द आहे : 'घरचं'. शेणखत घरचं, बैल घरचे, ज्वारीचं बी घरचं, निंदणीला आणि वेचणीला घरच्याच बाया. घरचं म्हटलं की फुकटचं! माउली दिवसभर वाकून कापूस वेचते, आणि कुणी विचारले तर कारभारी सांगतो, "ती काही करत नाही, घरीच असते." त्या एका वाक्यासरशी तिची वर्षाची मजुरी बुडाली. सरकारने निदान घरच्या मजुरीला एक रकाना दिला. आपल्या वहीत तोही नाही. जे बोलण्यात नाही ते हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात नाही ते भावात मागणार कसे?

दुष्काळाचेही तेच. २०१५ च्या खरिपात पिके करपली आणि सरकारी कागदावर शब्द उमटला, 'दुष्काळसदृश परिस्थिती'. ताटात भाकरीसदृश काही वाढले तर भूक भागते काय? प्रकरण कोर्टात गेले. शेवटी मे २०१६ मध्ये २९ हजारांहून जास्त गावांसाठी 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' वाचावे, असे सरकारला म्हणावे लागले. त्याच वर्षी हवामान खात्याने आपल्या वर्गवारीतून 'दुष्काळ' हा शब्दच काढला आणि 'तुटीचे वर्ष' आणले. शब्द गेला म्हणून विहिरीला पाणी आले नाही.

कुणी म्हणेल, शब्दांनी पोट भरते का? नाही भरत. आपल्या ज्वारीला जन्मभर 'भरडधान्य' म्हणून हिणवले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात तिच्यासकट साऱ्या भरडधान्यांना 'श्री अन्न' केले. नुसत्या नावाने कणसात दाणा भरत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने योजनेच्या नावात 'माफी' सोडून 'कर्जमुक्ती' शब्द घेतला. पण ती मुक्ती दोन लाखांपर्यंतच होती. चांगला शब्दही पळवता येतो आणि पोकळ करता येतो. म्हणून शब्दावर विसंबायचे नाही, शब्दावर पहारा ठेवायचा. १९८० च्या दशकात 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत शेतकरी रस्त्यावर उतरला, तेव्हा त्याच्या खिशात एक पैसा जास्त आलेला नव्हता. पण हात पसरणारा माणूस 'दाम' म्हणाला आणि ताठ उभा राहिला. आधी शब्द सापडला, मग मागणी सुचली.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक घराने तीन कामे करावीत.

एक : वही घाला. शेणखत, बैल, घरचे बी, घरची मजुरी, सगळ्यांपुढे बाजारभावाने रुपये लिहा. बायांची मजुरी त्यांना विचारून लिहा. दिवस किती भरले हे त्यांनाच ठाऊक असते.

दोन : साहेब वा पुढारी 'खर्च' म्हणाला की तिथेच विचारा, कोणता खर्च?

तीन : 'माफी' हा शब्द आपल्या तोंडून बंद. जो माल खर्चाखाली विकावा लागला त्याच्या तुटीचा आकडा वहीत मांडा आणि त्यावर आपल्या हाताने शब्द लिहा : 'येणे'.

माफी मागणारा पायरीशी उभा राहतो. येणे मागणारा वही उघडून समोर बसतो. बैठकीला येताना वही घेऊन या.