मानेचे दुखणे आणि काट्याची साक्ष

कोप्पीकर रोडवरून सायंकाळी फेरफटका मारावा, तर दुकानादुकानांतून खाली झुकलेल्या माना दिसतात. कोणी शिवणयंत्रावर, कोणी संगणकातील हिशेबावर, तर कोणी हातातील मोबाइलवर वाकलेला. यांपैकीच काहीजण पुढे आमच्या दवाखान्याची पायरी चढतात. वेदनाशामक गोळ्या, एक्स-रे आणि गळ्याभोवती पट्टा हा ठराविक प्रसाद मी त्यांना वर्षानुवर्षे देत आलो. त्याविषयी आज थोडे स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते.

ज्यांची मान मुळीच दुखत नाही, अशा मध्यमवयीन माणसांच्या एक्स-रेतही मणक्यांची झीज दिसते, हे आपण सारे जाणतो. तरीही आपण ‘स्पॉन्डिलोसिस’ हा शब्द उच्चारतो आणि रुग्ण मान वळवायलाच भितो. पट्ट्यामुळे स्नायूंना सुटी मिळते, दुखणे मात्र रेंगाळते.

माझे डोळे उघडले ते माझीच मान दुखू लागल्यावर. एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मला उताणे झोपवले, मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिच्यात 20 मिलिमीटर दाब भरला आणि काट्याची तबकडी माझ्यासमोर धरली. ‘‘सर, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच मान हलवा. काटा 22 वर न्या आणि दहा सेकंद तिथेच ठेवा.’’ मी दात आवळले. काटा एकदम 30 वर गेला आणि लगेच कोसळला. ‘‘जोर नको सर, बेताने,’’ ती म्हणाली. आयुष्यभर इतरांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या मला मानेखालच्या पिशवीने असा धडा दिला!

मणक्यांना पुढून चिकटून असलेले खोल स्नायू मान सावरून धरतात. मान दुखू लागली की त्यांचे काम मंदावते आणि बाहेरचे मोठे स्नायू तो भार उचलून थकतात. हे आतले स्नायू दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. त्यांची हालचाल काट्यावर दिसली, की रुग्णाला आपली चूक आपोआप कळते. यालाच बायोफीडबॅक म्हणतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलेन जुल यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. त्यांनी मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांच्या व्यायामाचा लाभ वर्षभरानंतरही टिकून असल्याचे आढळले.

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. गुण येतो तो व्यायामाने, यंत्राने नव्हे. साध्या व्यायामाहून यंत्रासह केलेला व्यायाम फार सरस ठरतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. गंगूबाई हनगल यांच्या या गावात तंबोऱ्याचे महत्त्व सांगायला नको. तंबोरा गायकाच्या वतीने गात नाही, सूर लागला की नाही एवढेच कळवतो. काट्याचे कामही तेवढेच. चार-सहा बैठकींत रुग्णाला हालचालीची जाण आली, की यंत्र बाजूला ठेवावे. महिनोन् महिने त्याची फी आकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवसायबंधूंना सुचवावेसे वाटते, की महागडे उपकरण नसेल तर टेबलावरील काट्याच्या रक्तदाबमापकाचा पट्टा घडी करून मानेखाली ठेवावा. तो तितका काटेकोर नसला तरी शिकवण्यापुरता पुरतो. हातात अशक्तपणा किंवा बधिरता, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघात असेल, तर मात्र आधी तपासणी, मग व्यायाम.

आणि समाजबांधवांना विनंती, की डॉक्टरांनी गोळीऐवजी व्यायाम सांगितला म्हणून हिरमुसू नका. मीही हा व्यायाम रोज सकाळी दहा वेळा करतो. माझा गळपट्टा कपाटात पडून आहे.