गव्हाची निर्यात आणि मावळचा भात

भोर-वेल्ह्याच्या व्यापाऱ्यानें गव्हाच्या परदेशगमनाची चिंता कां वाहावी, असें कोणी विचारील. येथील खाचरांत पिकतो भात. गहूं बव्हंशीं विकतच आणावा लागतो. आमच्या मतें म्हणूनच ती वाहिली पाहिजे.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला, १८७३ सालीं गव्हावरील निर्यात-जकात उठली, आणि मध्यप्रांताचा गहूं मुंबईवाटे व पंजाबचा कराचीवाटे विलायतेस चालला. पुढें पंजाबांत कालवे वाढले तशी कराचीची सरशी झाली. १८७६-७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंत माणसें अन्नावांचून मरत असतांही हा ओघ थांबला नाहीं. सरकार परकी होतें. व्यापारांत हात न घालणें हेंच त्याचें धोरण!

स्वराज्यांत दुसरें टोक दिसलें. १९६५ च्या सुमारास अमेरिकेच्या गव्हावर विसंबणाऱ्या देशानें २०२१-२२ सालीं सुमारें ७० लाख टन गहूं बाहेर धाडला, आणि १३ मे २०२२ रोजीं एका रात्रींत बंदी आली. कांडल्याच्या वाटेवर मालमोटारी अडकून पडल्या. गहूं विकत घेणाऱ्या वेल्हेकरास यांत दिलासाही वाटला असेल. परंतु २० जुलै २०२३ रोजीं, ऐन आवणीच्या दिवसांत, तोच न्याय बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळास लागला. त्यांतून आंबेमोहोरही सुटला नाहीं. ती बंदी उठण्यास २८ सप्टेंबर २०२४ उजाडलें.

दुष्काळांतली बेफिकिरी आम्हांस नको. पण आवणी झाल्यावर नियम फिरविणें हा तरी कोठला न्याय? निर्यात आवरावयाचीच तर बंदीऐवजीं भावाप्रमाणें चढणारी-उतरणारी जकात असावी, आणि तिचे दर पेरणीपूर्वीं जाहीर व्हावे.