खोक्याची बेअब्रू

प्रारंभीच एक खुलासा करून टाकतो. 'खोके' हा शब्द २०२२ पासून महाराष्ट्राच्या राजकारणात इतका गाजला आहे, की मथळा पाहून वाचकाचा गैरसमज होणे साहजिक आहे. त्या खोक्यांशी माझा काडीचाही संबंध नाही. मी बोलणार आहे ते पुठ्ठ्याच्या एका साध्या खोक्याविषयी. त्याच्या पोटात चंदेरी पिशवी असते, पिशवीला तोटी असते, आणि तोटी दाबली म्हणजे तिच्यातून वाइन येते. दुसरा खुलासा असा, की हा लेख मद्यपानाची शिफारस नव्हे. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये, आणि माझ्या लेखामुळे तर मुळीच पिऊ नये. पण जे पितात, आणि पिण्यापेक्षाही पिण्याविषयी बोलण्यात ज्यांना अधिक गोडी वाटते, त्यांच्याशी मला थोडे भांडायचे आहे.

भांडणाचे निमित्त अगदी घरगुती आहे. आम्ही ॲडलेडला राहतो. गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाचे बोलावणे होते. जाताना मी दोन लिटर वाइनचे एक खोके बरोबर नेले. वहिनींनी ते दारातच हाती घेतले, क्षणभर निरखले, "कशाला आणलंत, भाऊजी?" असे म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या. हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही भेटीवर म्हणायचेच असते. पण ते म्हणण्याचे सूर दोन आहेत, आणि हा दुसरा होता. पुढे हात धुवायला मी आत गेलो, तेव्हा माझे खोके कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, साबणाच्या डब्याला टेकून उभे असलेले दिसले. बाहेर टेबलावर बाटल्या ओळीने मांडल्या होत्या.

रात्री दहाच्या सुमारास बाटल्या संपल्या. यजमान आत गेले आणि काचेचा एक नक्षीदार चंबू भरून घेऊन आले. तो कुठून भरला हे त्यांना ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. उरलेल्या दहाबारा जणांनी तो रिकामा केला. कोणी वाहवा केली नाही, कोणी तोंडही वाकडे केले नाही. चिवड्याच्या घासांबरोबर ती वाइन सुखाने पोटात गेली. त्या वेळी मी नुसते एवढेच म्हणायला हवे होते, की मंडळी, ही खोक्यातली. मी म्हणालो नाही. गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही, आणि हा लेख तिच्यापोटीच लिहीत आहे.

ज्या मुलखात त्या खोक्याची अशी रवानगी झाली, त्याच मुलखात त्याचा जन्म झाला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी रेनमार्क नावाचे गाव आहे. तिथले वाइन-उत्पादक थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ च्या एप्रिलात या कल्पनेचे पेटंट घेतले. त्या काळी इथल्या साध्या गृहस्थाची वाइन काचेच्या मोठ्या बुधल्यातून येई. बुधला एकदा उघडला, की तो दोनचार दिवसांत संपवावा, नाहीतर आत शिर्का होऊ द्यावा, असा पेच असे. अँगोव्ह यांनी एक गॅलनची पॉलिथिनची पिशवी पुठ्ठ्याच्या पेटीत बसवली. पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, हवी तेवढी वाइन ओतून घ्यायची, आणि कापलेल्या तोंडाला चिमटा लावायचा! पुढे १९६७ मध्ये चार्ल्स मालपास यांनी पेनफोल्ड्स या कंपनीबरोबर पिशवीला हवाबंद तोटी जोडण्याचे पेटंट घेतले, आणि चिमट्याचा संसार संपला. ही पेनफोल्ड्स म्हणजे तीच, जिच्या 'ग्रेंज' नावाच्या वाइनच्या एकेका बाटलीला आज शेकडो डॉलर मोजावे लागतात आणि जिचे नाव निघाले की रसिकांचा आवाज खाली येतो. विरोधकांच्या हाती एक दारूगोळा मी आपण होऊनच देतो: अशा प्रकारची पेटीतली पिशवी त्याआधी १९५५ मध्ये अमेरिकेत विल्यम शोले यांनी काढली होती, ती बॅटरीतले आम्ल नेण्यासाठी. घ्या, हसून घ्या. पण ज्या पिशवीने आम्ल सांभाळले, ती द्राक्षाचा रस सांभाळील की नाही, याचाही जरा विचार करा.

आता या पिशवीचे मर्म काय, ते कोणत्याही मराठी गृहिणीला चटकन कळेल. लोणच्याच्या बरणीत तेल फोडींच्या वर आले पाहिजे, आणि बरणीच्या तोंडाला दादरा घट्ट बांधला पाहिजे, हे आपल्या आज्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ठरवले होते. वाइनचेही वैर हवेशीच आहे. बाटलीतून पेलाभर वाइन बाहेर आली, की तिच्या जागी पेलाभर हवा आत जाते. बूच पुन्हा कितीही घट्ट दाबा, चोर घरातच कोंडलेला असतो. दोनतीन दिवसांत त्या वाइनचा वास मावळतो, रुची पडते. पिशवीचे तसे नाही. जेवढी वाइन बाहेर, तेवढी पिशवी आकसते. हवेला आत यायला जागाच राहत नाही. भिस्त्याची पखाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून उघडलेली बाटली तीन दिवसांत उतरते, आणि तोटी फोडलेले खोके शीतकपाटात चार ते सहा आठवडे सुखरूप राहते. ज्या घरात नवराबायको रात्रीच्या जेवणाबरोबर एकेक लहान पेला घेतात, त्या घराला यापेक्षा सोयीचे भांडे कोणते, हे मला कोणी सांगावे.

यावर बाटलीनिष्ठांचे पहिले उत्तर ठरलेले: परंपरा! वाइन म्हटली की काचेची बाटली आणि बुचाचा तो 'फट्' आवाज. पण ही परंपरा किती जुनी? ग्रीकांनी आणि रोमनांनी वाइन मातीच्या कुंभांत भरली, मागाहून युरोपाने लाकडी पिंपांत भरली, आणि गावोगावचे वाटसरू ती कातड्याच्या पखालीतून पीत गेले. भक्कम काचेची बाटली आली ती सतराव्या शतकात, इंग्लंडच्या कोळशाच्या भट्ट्यांतून. आणि ज्या बोर्दोचे नाव घेताच आमचे रसिक कानाच्या पाळीला हात लावतात, त्या बोर्दोतली थोर घराणीसुद्धा आपली वाइन पिंपांतूनच व्यापाऱ्याला देत. बाटल्या भरणे हे व्यापाऱ्याचे काम. आपली सगळी वाइन आपल्याच वाड्यात बाटलीत भरायची, हा हट्ट बॅरन फिलिप द रोथशिल्ड या तरुणाने धरला तो १९२४ मध्ये. म्हणजे सनातन म्हणून ज्याची पूजा चालली आहे, ते प्रकरण उणेपुरे शंभर वर्षांचे आहे. आपल्याकडे चहाही यापेक्षा जुना असेल.

बुचाचीही तीच कथा. बुचाच्या दोषाने कधीकधी वाइन नासते. त्यामागचे ट्रायक्लोरोॲनिसोल हे रसायन शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ओळखले. त्या नासलेल्या वाइनला वास कसला येतो, ठाऊक आहे? ओल्या पुठ्ठ्याचा! ज्यांना पुठ्ठ्याचे वावडे, त्यांनी तो वास खानदानी बुचातून मुकाट्याने सोसला. पुढे २००० साली ॲडलेडच्या उत्तरेस असलेल्या क्लेअर खोऱ्यातल्या काही उत्पादकांनी एकजुटीने बूच टाकून फिरकीचे झाकण घेतले, तेव्हाही हेच नाक मुरडणे झाले होते. आज ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचेच झाकण असते, आणि त्यावाचून कोणाची रसिकता अडलेली दिसत नाही.

आणखी एक गंमत ऐका. ऑस्ट्रेलियातून परदेशी जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक बाटलीत बसून जातच नाही. जहाजावरच्या कंटेनरात एक अजस्र प्लास्टिकची पिशवी अंथरतात, तिच्यात सुमारे २४,००० लिटर वाइन भरतात, आणि ती पुष्कळदा पलीकडच्या बंदराशी उतरल्यावर बाटल्यांत भरली जाते. म्हणजे लंडनचा जो गृहस्थ खोक्यातल्या वाइनला नाके मुरडून बाटली फोडतो, त्याची वाइन अर्धी पृथ्वी एका लोखंडी खोक्यातल्या पिशवीतूनच फिरून आलेली असू शकते. फक्त तोटी त्याला दिसली नाही, एवढेच. आणि पाऊण लिटर वाइनसाठी अर्धा किलो काच सातासमुद्रांपलीकडे वाहून नेणे शहाणपणाचे नाही, हे व्यापाऱ्याला कळते. रसिकाला कळत नाही.

मग ही जी चव म्हणतात, ती जिभेला कळते की डोळ्यांना? २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, आणि दुसऱ्या पेल्यात तीच वाइन निर्गंध तांबडा रंग घालून ठेवली. त्या तांबड्या पेल्याचे वर्णन विद्यार्थ्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. हे लोक ढोंगी नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटले. डोळा जिभेला असा हुकूम सोडतो. मग चंबूतली वाइन गोड लागावी आणि तीच साबणाच्या डब्याशेजारी अस्पृश्य ठरावी, यात नवल कसले?

पण एकतर्फी वकिली मला करायची नाही. खोक्याचे दोष आहेत आणि ते मी सांगतो. पिशवीचे प्लास्टिक काचेसारखे निश्छिद्र नसते. त्यातून प्राणवायू हळूहळू झिरपतोच. म्हणून भरलेले खोके फार तर वर्षभरात संपवावे. वीस वर्षे तळघरात मुरवायची वाइन त्यात कोणी भरू नये. कबूल! पण विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी बहुतेक घरी नेल्यावर थोड्याच दिवसांत पिऊन संपते. तळघराच्या नियमाने फडताळातल्या वस्तूला फाशी का द्यावी?

दुसरा आरोप अधिक खरा आहे. खोक्यात वर्षानुवर्षे सुमार वाइन भरली गेली. एके काळी मरेकाठच्या खोक्यांत सुलताना द्राक्षाचा रस सर्रास जाई. हे तेच बेदाण्याचे वाण, जे आपल्या तासगावकरांना थॉमसन सीडलेस या नावाने ठाऊक आहे. बेदाणा उत्तम, वाइन जेमतेम. पण याला जबाबदार पुठ्ठा नव्हे, भरणारा हात आहे. आपल्या नगरपालिकेच्या शाळांचे जे झाले तेच इथे झाले. बऱ्या घरची मुले जात नाहीत म्हणून शाळा खालावते, आणि शाळा खालावली म्हणून बऱ्या घरची मुले जात नाहीत. हे चक्र तुटते तेव्हा काय होते, हे स्वीडनने दाखवले आहे. तिथे वाइनची विक्री सरकारी दुकानांतून होते, आणि विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याच्या घरात वाइन खोक्यातून जाते. स्वीडिश माणसाला कोणी गावंढळ म्हटल्याचे मी ऐकले नाही. इटलीनेसुद्धा २००८ मध्ये आपल्या काही नामांकित वाइनना खोक्याची मुभा दिली.

तिसरा आरोप सर्वांत गंभीर, आणि त्यापुढे मी हसत नाही. खोक्यातली वाइन ही या देशात वर्षानुवर्षे सर्वांत स्वस्त नशा ठरली. कॉलेजची पोरे तिची चंदेरी पिशवी परसातल्या कपडे वाळवायच्या फिरत्या दांडीला टांगून खेळ खेळतात, त्याचे कौतुक होते. पण त्याच पिशवीने कित्येक गरीब वस्त्यांत संसार बुडवले, त्याचे काय? त्यात तोटीला हिशेब नसतो. बाटली रिकामी दिसते, पिशवी दिसत नाही. किती प्यालो हे पिणाऱ्यालाच कळत नाही. हे मला मान्य आहे. मात्र ही वाइन स्वस्त कशाने झाली? इथे बिअरवर कर बसतो तो तिच्यातल्या मद्यार्कावर. वाइनवर २००० सालापासून बसतो तो घाऊक किमतीच्या २९ टक्के. अर्थात जेवढी वाइन हलकी तेवढा कर कमी! दोष या कायद्यात आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने २०१८ मध्ये मद्याचा किमान दर ठरवला, दर १० ग्रॅम मद्यार्कामागे १ डॉलर ३० सेंट, तेव्हा त्याने बोट ठेवले ते किमतीवर, पुठ्ठ्यावर नव्हे. आणि खरे सांगू? खोक्याची जी हेटाळणी दिवाणखान्यांत चालते, तिच्यात त्या बुडालेल्या संसारांची कणव औषधालाही नसते. तिच्यात असते ती एकच भीती: आपण गरिबांसारखे तर दिसणार नाही ना?

ही भीती आता नाशिककडेही पोचली आहे, म्हणून मराठी मासिकात हे लिहिण्याचे धाडस केले. द्राक्षमळ्यांत पेला कसा हलवावा, बूच कसे हुंगावे याचे धडे लोक हौसेने घेत आहेत. घ्यावेत, नवे शिकण्यात वाईट काय? पण दुसऱ्याची आवड अंगी मुरण्याआधीच त्याची नावड उचलायची, ही आपली जुनी खोड आहे. सोवळेओवळे आपण मोठ्या कष्टाने स्वयंपाकघरातून बाहेर काढले. ते आता पेल्याच्या वाटेने परत घरात घेऊ नये.

यंदाच्या दिवाळीचे बोलावणे आले आहे, त्याच घरचे. मी पुन्हा खोकेच नेणार आहे. या वेळी जरा बरी वाइन पाहून. वहिनी "कशाला आणलंत" म्हणतील. त्यावर काय बोलायचे ते मी ठरवून ठेवले आहे: "वहिनी, हे करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवा. तोटी माझ्याकडे करा. आणि कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा."