पुस्तके कोणती घ्यावीत? फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या आई-वडिलांसाठी



शहाड, मोहने, आंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातील आपली बहुतेक घरे कामगारांची. कोणी सेंच्युरी रेयॉनमध्ये राबले, कोणी मोहन्याच्या एन.आर.सी.त आयुष्य घालवले आणि २००९ साली ती कंपनी बंद पडल्यावर मिळेल ते काम पत्करले. पाठीवर ओझे वाहून, आठ-आठ तास उभे राहून, लोकलला लोंबकळून या पिढीची कंबर गेली, गुडघे गेले. त्याच घरांतील मुले-मुली आज फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश घेत आहेत, ही आम्हांला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही म्हणून नाइलाजाने घ्यावयाचे हे शिक्षण नव्हे. ज्या दुखण्याला आपल्या वस्तीत बाम आणि गोळीपलीकडे उपाय ठाऊक नव्हता, त्या दुखण्याचे हे शास्त्र आहे.

प्रवेश झाला, फी भरली, की पालक आम्हांला एकच प्रश्न विचारतात, "पुस्तके कोणती घ्यायची, आणि एवढी सगळी घ्यावीच लागतात का?" दुकानदार लांबलचक यादी हातात देतो. मुलगा किंवा मुलगी संकोचाने गप्प राहते. वडील पतपेढीतून उचल घेतात, आई भिशीचे पैसे काढून देते, आणि वर्षअखेरीस निम्मी पुस्तके कोरी करकरीत राहतात. उलट काही घरांत पैसा नाही म्हणून एकही पुस्तक येत नाही आणि मूल पहिल्याच वर्षी मागे पडते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठीच आजचा हा लेख.

प्रथम एक खुलासा

हल्ली मोबाइलवर मान किंवा पाठ कटकन मोडून दुखणे घालविल्याची चित्रे सर्रास दिसतात. त्यामुळे काही तरुण "आम्हांला कायरोप्रॅक्टिक शिकायचे आहे, त्याची पुस्तके सांगा" असे विचारतात. कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. तिकडे ती पदवीपर्यंत शिकवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिच्या शिक्षणाविषयी व सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आपल्याकडे मात्र हाडे, सांधे व स्नायूंच्या उपचाराचा कायद्याने मान्य असलेला रस्ता फिजिओथेरपीच्या पदवीतून जातो. महाराष्ट्राने त्यासाठी २००२ चा परिषद कायदा केला आणि केंद्राने २०२१ साली आरोग्यसेवेतील अशा सर्व व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. शनिवार-रविवारच्या वर्गात मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. मानेतील मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. अर्धवट शिकलेल्या हाताने मान मोडली तर त्या वाहिनीला इजा होऊन पक्षाघातापर्यंत पाळी येऊ शकते. ज्यांना मणक्याच्या हाताने करावयाच्या उपचारांची आवड आहे, त्यांनी आधी फिजिओथेरपीचा पाया पक्का करावा. जॉफ्री मेटलंड यांचा मणक्यांच्या हस्तोपचारावरील ग्रंथ १९६४ पासून याच शाखेत वाचला जात आहे. पण तो शेवटच्या वर्षाचा विषय आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाठ्यपुस्तक वेगळे, संदर्भग्रंथ वेगळा

खर्चाचे अर्धे कोडे या एका फरकात सुटते. पाठ्यपुस्तक म्हणजे रोज उशाशी असावे, खुणा कराव्यात, पुन्हा पुन्हा वाचावे असे पुस्तक. संदर्भग्रंथ म्हणजे शंका आली की उघडावा, हवे ते पाहावे आणि परत कपाटात ठेवावा असा ग्रंथ. पहिले विकत घ्यावे, दुसरा ग्रंथालयात वाचावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाखाली पुस्तकांची नावे दिलेली असतात. त्या यादीची प्रत आधी हाती घ्यावी. २०२५ साली राष्ट्रीय आयोगाने फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला आहे, म्हणून वरच्या वर्गातील ताईने दिलेली जुनी यादी आपल्या वर्षाला लागू आहे ना, हे कॉलेजात विचारून घ्यावे. पहिले पंधरा दिवस शिक्षक कोणत्या पुस्तकाच्या आधाराने शिकवतात ते पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. पंधरा दिवसांत काही बुडत नाही.

शरीररचनाशास्त्राचे, म्हणजे ॲनाटॉमीचे, उदाहरण घेऊ. बी. डी. चौरसिया यांचे पुस्तक १९७९ पासून भारतभर वाचले जाते. सोपे इंग्रजी, रेषांच्या साध्या आकृत्या आणि मुद्देसूद मांडणी यांमुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ते जवळचे वाटते. त्याचे भाग वेगवेगळे मिळतात, म्हणून जो भाग शिकवला जात आहे तो आधी घ्यावा. याच विषयावरील 'ग्रेज ॲनाटॉमी' हा जगप्रसिद्ध ग्रंथ मात्र विकत घेण्याची काही गरज नाही. तो ग्रंथालयात बसून पाहावा. तो पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथावर नाव हेन्री ग्रे यांचे गाजले. त्यातील आकृत्या काढणारे हेन्री कार्टर यांचे नाव मुखपृष्ठावर लहान अक्षरांत छापले गेले. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवला. ज्या आकृत्यांवरून जग शिकले, त्या काढणारा हात आपल्या मुंबईत विद्यार्थ्यांना हाडे ओळखायला शिकवत होता.

शरीरक्रियाशास्त्रात गायटन यांचा ग्रंथ थोर आहे, पण जाडजूड आहे. रोजच्या वाचनाला सेंबुलिंगम यांच्यासारखे भारतीय लेखकांचे सुटसुटीत पुस्तक घ्यावे आणि एखादा भाग नीट उमगला नाही तर गायटन उघडावा. व्यायामोपचाराच्या पायासाठी डेना गार्डिनर यांचे पुस्तक लहान आहे आणि कामाचे आहे. सांध्यांची रचना व हालचाल समजण्यासाठी नॉर्किन आणि लेव्हांजी यांचे पुस्तक, तसेच किस्नर आणि कोल्बी यांचे व्यायामोपचारावरचे पुस्तक, ही दोन वर्षानुवर्षे साथ देतात. पदवीनंतर नोकरीतही ती लागतात, म्हणून यांवर केलेला खर्च वाया जात नाही. हाडांच्या विकारांसाठी महेश्वरी यांचे पुस्तक पुरते. मॅगी यांचा रुग्ण तपासणीवरचा ग्रंथ शेवटच्या वर्षांत लागतो आणि तो दोघा-तिघांत मिळून एक असला तरी चालतो.

जुनी आवृत्ती चालेल का?

काही पुस्तकांची चालते, काहींची नाही. माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडे काल होती, आजही आहेत. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच मणके बदललेले नाहीत. म्हणून ॲनाटॉमीची एक-दोन आवृत्ती मागची प्रत खुशाल घ्यावी. औषधशास्त्राचे तसे नाही. औषधे बदलतात, उपचारांविषयीची मते बदलतात, विजेच्या उपकरणांचा वापर बदलतो. तेथे नवी आवृत्ती पाहावी. पुस्तक उघडताच पहिल्या पानामागे छपाईचे वर्ष असते. ते वाचण्याची सवय मुलांना लावावी.

जुनी पुस्तके मिळविण्यास आपण लाजू नये. परळच्या के.ई.एम.च्या आसपास वैद्यकीय पुस्तकांची दुकाने आहेत. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनला पदपथावर जुनी पुस्तके मिळत आली आहेत. पण सर्वांत चांगली जुनी प्रत वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे मिळते. कोणता भाग परीक्षेला महत्त्वाचा, हे त्याने पेन्सिलीने आधीच दाखवून ठेवलेले असते.

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढण्याचा मोह मात्र टाळावा. ते कायद्याला धरून नाही, आणि त्यात अभ्यासाचाही तोटा आहे. आकृतीत धमनी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा दाखवलेला असतो. झेरॉक्समध्ये तिन्ही काळे होतात. मग मूल नेमके काय पाठ करणार?

पुस्तक पारखण्याची एक सोपी रीत

दुकानात उभे राहून गुडघ्याचे किंवा खांद्याचे प्रकरण काढावे आणि दोन पाने मुलीला वाचू द्यावीत. न अडखळता तिला अर्धे जरी समजले तरी पुस्तक तिच्या उपयोगाचे आहे. मग आकृती पाहावी. नावांच्या रेघा नेमक्या त्या-त्या भागावर जातात का, हे तपासावे. शेवटी सूची पाहावी. सूची नसलेला जाड ग्रंथ म्हणजे पाट्या नसलेले स्टेशन.

आणखी एक कसोटी आम्ही सुचवतो. परदेशी पुस्तकातील रुग्ण खुर्चीत बसतो, पलंगावर झोपतो. आपला रुग्ण जमिनीवर मांडी घालतो, उकिडवा बसतो, विहारात तासभर खाली बसून वंदना घेतो. गुडघा साधारण एकशे पस्तीस अंशांपर्यंत वाकतो, असे अनेक पुस्तके सांगतात. पण पूर्ण उकिडवे बसायला त्याहून अधिक वाकावे लागते. म्हणून परदेशी पुस्तकातील आकडा पाठ करावा आणि आपल्या माणसाला कोणती हालचाल लागते, ती शेजारी पेन्सिलीने लिहावी. पेपर लिहिताना छापील आकडा उपयोगी पडेल, आणि पुढे दवाखान्यात आलेल्या आजीला पेन्सिलीने लिहिलेली ओळ उपयोगी पडेल.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातील मुलांचा पहिल्या सहा महिन्यांत धीर सुटतो तो बुद्धीमुळे नव्हे, तर शब्दांमुळे. त्यावर महागडा शब्दकोश हा उपाय नाही. दोनशे पानी वही घ्यावी आणि रोज दहा शब्द लिहावेत. फीमर म्हणजे मांडीचे हाड, टिबिया म्हणजे नडगीचे हाड, पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, स्कॅप्युला म्हणजे खांद्याचे पाते. रात्री जेवण झाल्यावर आईने किंवा धाकट्या भावाने वही हातात घेऊन विचारावे, लेकीने आपल्या अंगावर हात ठेवून दाखवावे. आईला इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. मराठी शब्द आई विचारील, इंग्रजी मुलगी सांगील. अशा घरात एकाच वेळी दोघांचे शिक्षण होते.

गाइडे आणि तयार उत्तरांच्या वह्या परीक्षेच्या आठवड्यात उजळणीला ठीक आहेत. वर्षभर त्यांच्यावरच विसंबणारा विद्यार्थी पास होईलही, पण रुग्ण काही पाच मार्कांचा प्रश्न घेऊन येत नाही.

पैशाची व्यवस्था

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या अटीत न बसणाऱ्यांसाठी राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज वेळेत भरावेत. जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडायला वेळ लागतो, म्हणून पुस्तकांसाठी तिच्यावर विसंबू नये. समाजकल्याण खात्याच्या पुस्तकपेढीविषयी कॉलेजच्या ग्रंथपालांना पहिल्याच आठवड्यात भेटून विचारावे. ग्रंथपालाशी ओळख असणे हे विद्यार्थ्याचे मोठे भांडवल आहे. कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. घरात दोन खोल्यांत सात माणसे असतील तर शांत बसून वाचण्यासाठी अशा वाचनालयाचा आधार घ्यावा.

एका गोष्टीचा आग्रह मात्र आम्ही धरतो. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्या प्रत्येक विहारात निदान एक कपाट पुस्तकांचे का असू नये? ज्याचे वर्ष पूर्ण झाले त्याने आपला संच त्या कपाटात ठेवावा, पहिल्या पानावर आपले नाव व वर्ष लिहावे, आणि पुढच्याने त्याखाली आपले लिहावे. महिला मंडळाने वही ठेवून नोंद करावी. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एक नवे पुस्तक घेतले तरी पाच वर्षांत एका विषयशाखेचा संच उभा राहील. आज जी मुलगी शहाडहून पहाटेची कसारा लोकल पकडून परळला किंवा शीवला शिकायला जाते, तिच्यामागून जाणाऱ्या मुलीला मग उचल घ्यावी लागणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी वंदना झाल्यावर विषय काढा. आपल्या वस्तीत कोण काय शिकते, कोणाकडे कोणती पुस्तके पडून आहेत, याची यादी करा. रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी ती पुस्तके विहारात यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम.