कबुली की चहाडी?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या ई-अंकात माझा एक लेख आला होता. विषय माझी आजी. लग्न होऊन वसईहून बडोद्याला आलेली, रेल्वेत नोकरीला असलेल्या आजोबांच्या पगारातून दारूचे पैसे वजा जाता जे उरेल त्यात मुलं वाढवणारी. लेख बऱ्याच जणांना आवडला. दोघीजणींनी तर वाचताना रडू आलं म्हणून सांगितलं. मी आठवडाभर खुशीत होते.

मग कुणीतरी ती पीडीएफ आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली आणि ती वसईला पोचली. रविवारी मिस्सा आटोपून घरी येतेय तोच आत्याचा फोन. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लेख छान आहे गं. पण नाव तुझं झालं आणि अब्रू माझी गेली."

लेखात एक वाक्य होतं. आजोबांनी फीचे पैसे दारूत घालवले, म्हणून आत्याची शाळा नववीत सुटली. मला हे वाक्य फार आवडलं होतं. एका ओळीत सगळं घर डोळ्यांसमोर उभं राहतं, असं मलाच वाटत होतं. पण आत्याने सासरी इतकी वर्षं सांगितलं होतं की ती मॅट्रिक झालेली आहे. तिच्या सुनेने माझा लेख वाचला. सून काही बोलली नाही. आत्याला तेच जास्त लागलं.

आपल्या मंडळात सध्या आत्मकथनाची लाट आहे. गेल्या तीन अंकांत कवितेपेक्षा 'माझी आई', 'आमचं घर' असेच लेख जास्त आहेत. ते चांगलंच आहे, पण हे लिहायचं कसं यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंही ते कुणाच्या जिवावर लिहितो यावर बोलत नाही. माझं म्हणणं असं की आत्मकथनात या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच.

लहानपणी फर्स्ट कम्युनियनच्या आधी आम्हाला कन्फेशनची तयारी करून घेत. तेव्हा वर्गातला एक मुलगा सिस्टरना म्हणाला, "माझा दादा मला मारतो, हे सांगायचं का?" सिस्टर म्हणाल्या, "ते दादा सांगेल. तू काय केलंस ते तू सांग." आम्ही सगळे हसलो. पण आत्याच्या फोननंतर मला तेच आठवलं. कबुली आपल्या पापाची असते. दुसऱ्याच्या पापाची असते ती चहाडी.

या नजरेने मी माझा लेख पुन्हा वाचला. त्यात आजोबांची दारू होती, आत्याचं गुपित होतं, पप्पांची ठिगळाची पँट होती. माझं काय होतं? काहीच नाही. मी फक्त प्रेमळ नात. सातवीत असताना आजी एकदा माझा विसरलेला डबा घेऊन शाळेत आली होती. अंगात तिचं लाल लुगडं. मैत्रिणींनी विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या शेजारच्या आहेत." आजीने ते ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. आता विचारायला ती नाही. आजीवरच्या लेखात हा प्रसंग यायला हवा होता की नाही? मी तो विसरले नव्हते. मी तो गाळला होता.

हे सगळं आपल्या भाषेत फार पूर्वी कुणीतरी नीट करून दाखवलंय. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली. रेव्हरंड ना. वा. टिळक तेव्हा हयात नव्हते, ते १९१९ मध्ये गेले. कवी म्हणून, धर्मोपदेशक म्हणून त्यांचं नाव मोठं. लक्ष्मीबाईंनी त्यांची मूर्ती केली नाही. त्यांचा तडकाफडकी राग, न सांगता घरातून निघून जाणं, हातात पैसा न टिकणं, सगळं लिहिलं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा बाईंवर काय कोसळलं तेही लिहिलं. पण वाचताना आपण टिळकांवर चिडत नाही, कारण त्या स्वतःला कुठे सोडतच नाहीत. स्वतःचा भाबडेपणा, हट्ट, सोवळ्याओवळ्याचा घोळ, फजित्या, हे सगळं त्याच हसऱ्या आवाजात येतं. नवऱ्याला जी फूटपट्टी, तीच स्वतःला. आपण त्या पुस्तकाला साधं, बोलल्यासारखं लिहिलेलं म्हणतो. माझ्या मते त्या साधेपणातच त्यांचा न्याय आहे. शैली आणि नीती तिथे वेगळी काढता येत नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या चर्चच्याच परंपरेतलं आहे. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस 'कन्फेशन्स' लिहिलं. पोरवयात चोरलेल्या नासपतींबद्दलही तो देवाकडे कबुली देतो. पण जिच्यासोबत तो अनेक वर्षं राहिला, जी त्याच्या मुलाची आई, तिचं नाव पुस्तकात नाही. मुलाचं आहे, तिचं नाही. आमच्या वर्गात यावर वाद झाला होता. एकजण म्हणाला, त्याने तिची लाज राखली. मी म्हटलं, त्याने तिला पुसून टाकलं. आज मला वाटतं, दोन्ही शक्य आहे. नाव बदललं किंवा गाळलं की जबाबदारी संपते असं नाही. मी आत्याचं नाव कुठे लिहिलं होतं? 'आत्या' एवढंच होतं. घरच्यांना तेवढं पुरलं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, घरातलं घरातच ठेवायचं? नाही. मला या सल्ल्याची भीतीच वाटते. 'घरची गोष्ट बाहेर काढू नये' हे वाक्य ज्याने मारलं त्याच्या सोयीचं असतं, ज्याला मारलं त्याच्या नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, तेव्हा आपलीच लाज चव्हाट्यावर मांडली म्हणून त्यांच्या समाजातलेही काहीजण नाराज झाले होते. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० चं. पु. ल. तेव्हा हयात होते, आणि लाडक्या लेखकाबद्दल असं वाचायची अनेकांची तयारी नव्हती. ही पुस्तकं परवानगीची वाट बघत बसली असती तर मराठी केवढी गरीब राहिली असती! पण एक लक्षात घ्या. दोघांनीही लिहिलं ते स्वतः सोसलेलं, आणि झाडाझडती स्वतःचीही घेतली. दया पवारांनी तर पुस्तकात स्वतःचेच दोन भाग केलेत. दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ आखली आहे. जखम माझी असेल, तर ती सांगायला मला कुणाची परवानगी नको. जखम दुसऱ्याची असेल आणि तो माणूस जिवंत असेल, तर आधी त्याला विचारायचं. आणि जखम दुसऱ्याची, पण मी ती फक्त लेखाला रंग यावा म्हणून वापरत असेन, तर ते वाक्य कितीही छान जमलं असलं तरी काढायचं. आत्याची शाळा तिसऱ्या प्रकारात होती.

नाताळात आम्ही वसईला गेलो तेव्हा मी आत्याजवळ बसले. सॉरी म्हटलं. तिने करंज्यांची ताटली पुढे सरकवली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "आणि बाबांनी फी प्यायली हे तुला कुणी सांगितलं?" पप्पांनी, मी म्हटलं. ती हसली. "तुझा बाप तेव्हा सहा वर्षांचा. मी गणितात नापास झाले होते. पुन्हा त्याच वर्गात लहान पोरींबरोबर बसायची लाज वाटली. बाबा तर म्हणत होते, बस परत."

म्हणजे माझं आवडतं वाक्य खोटंही होतं. आजोबा प्यायचे, हे खरं. पण त्यांनी न केलेलं एक पाप मी त्यांच्या नावावर छापून टाकलं होतं, आणि ते काही बोलू शकत नव्हते. आपल्या बडोद्यात उमेदीची वर्षं नोकरी केलेल्या रियासतकार गो. स. सरदेसायांनी पुढे पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. मला एका वाक्यासाठी वसईला एक फोन करणं जमलं नाही. पप्पा खोटं बोलले नव्हते. सहा वर्षांच्या मुलाला जे कळलं, ते त्यांनी सांगितलं. चूक माझी. 'पप्पा सांगतात की' एवढे तीन शब्द घातले असते तरी वाक्य खरं राहिलं असतं.

संपादक मंडळाला माझी विनंती आहे. छापील अंक कपाटात राहायचा, ई-अंक तासाभरात तीन राज्यांत जातो. म्हणून आत्मकथन घेताना लेखकाला एकच प्रश्न विचारा: यातल्या जिवंत माणसांनी हे वाचलंय का? उत्तर 'नाही' असेल तर लेख नाकारू नका, कारण कधी कधी न विचारण्यामागे खरं कारण असतं. पण ते कारण लेखकाने सांगावं. आणि प्रकाशित झाल्यावर कुणी तक्रार केली, तर अंकातला मजकूर दुरुस्त करायची सोय ठेवा. पीडीएफ बदलता येते, त्यात कमीपणा काय?

माझ्या जुन्या लेखातलं ते वाक्य संपादकांनी काढलंय. हा लेख पाठवायच्या आधी मी आत्याला फोनवर पूर्ण वाचून दाखवला, नववीचं आणि गणिताचंही. मी विचारलं, "हे राहू दे का?" ती म्हणाली, "राहू दे. सुनेला कळलंच आहे, आता खरं तरी कळू दे." मग थोडं थांबून म्हणाली, "ते डब्याचं पण राहू दे. आईने ऐकलं होतं. मला सांगितलं होतं तिने."

तेही मी इथे ठेवते.