ख्रिस्ती वादक आणि ऐहिक संगीत

आपल्या मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो: उपासनामंदिरांत पेटी अथवा व्हायोलिन वाजविणाऱ्या तरुणानें लग्नाच्या बँडांत किंवा चित्रपटाच्या वाद्यवृंदांत वाजवावें काय? देवाच्या सेवेला वाहिलेला हात बाजारांत कशाला न्यावा, असें कित्येक भाविक आईबाप म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे. परंतु त्यांचा निर्णय मला पटत नाहीं.

प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा करीत असे. ते तंबू केवळ विश्वासणाऱ्यांनींच विकत घेतले असतील, असें कोणी म्हणणार नाहीं. सुतारानें चर्चचीं बांकें करावीं आणि कचेरीचींही करावीं, यांत आपणांस वावगें वाटत नाहीं. मग वादकालाच निराळा न्याय कां?

शिवाय, स्वरांना मूळचाच धर्म चिकटलेला असतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. बाख यानें १७३३ सालीं राजघराण्यांतील वाढदिवसांसाठीं रचिलेलें बरेंच संगीत पुढच्याच वर्षीं आपल्या ख्रिस्तजन्माच्या ऑरॅटोरिओंत घेतलें. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं (१८६१–१९१९) अभंग व कीर्तन हे प्रकार संतपरंपरेंतून घेऊन ख्रिस्तचरणीं वाहिले. चाली आंत येतांना आपण त्यांची जात विचारिली नाहीं. बाहेर जातांना मात्र विचारितों!

गोव्याकडे पाहा. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविलें जाई. त्या विद्येच्या बळावर कित्येक गोमंतकीय मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नांवारूपाला आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनीं प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना केली. ही विद्या चर्चच्या भिंतींआडच राहती, तर देश एका मोठ्या आनंदास मुकता, आणि अनेक घरांची चूलही पेटती ना.

म्हणून सर्वच चालेल काय? नाहीं. गीताचे शब्द बीभत्स असतील, किंवा जेथें दारू ही मालकीण व संगीत तिची दासी असेल, तेथें मजुरी कितीही असो, स्पष्ट नकार द्यावा. रात्रीच्या जागरणानें ज्याची रविवारची उपासना बुडते, त्यानें शनिवारचें काम घेऊं नये. यांत पैशाचा तोटा आहे, तो सोसावा.

मात्र बाहेर वाजविणाऱ्यास रोज रियाज करावा लागतो, व त्याचा लाभ मंडळीलाच होतो. (बेसूर भक्तीचा अनुभव आपणां सर्वांस आहेच.) यंदा शाळा सोडणाऱ्या एखाद्या वादकास असें काम चालून आलें, तर आईबापांनीं आधीं गीताचे शब्द मागवून वाचावे, जागा कोणती तें विचारावें, आणि मग काय तें सांगावें.