ताळेबंद धानोऱ्यातून मांडावा!

वर्ष सरले की शहरे आपल्या कर्तृत्वाचा ताळेबंद मांडतात. नंदुरबारचा वारसा थोरच! 9 सप्टेंबर 1942 रोजी बालवीर शिरीषकुमार व त्याच्या सोबत्यांनी येथे हौतात्म्य पत्करले. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्ह्याचे मुख्यालय झाले. देशातील आधार योजनेचा प्रारंभही 2010 मध्ये याच जिल्ह्यातील टेंभलीत झाला.

परंतु केवळ ओळखपत्राने चूल पेटते काय? 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक जनजातीय आहेत. त्यांपैकी असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलांची शाळा सुटते. अशा वेळी शहरातील रोषणाईला यश म्हणणे ही आत्मवंचनाच होय. जिल्ह्याचा खरा ताळेबंद धानोऱ्यासारख्या गावांतूनच मांडला पाहिजे. गावातच काम मिळून हे स्थलांतर थांबेल, त्या वर्षी नगरीने खुशाल स्वतःची पाठ थोपटून घ्यावी!